कनू-कॅम्पिंगसाठी जलरोधक पिशव्या कशा निवडाव्यात

टोरांटोहून मोटारीने साधारण तीन तासांवर असलेले अल्गॉन्क्विन हे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील सर्वांत जुने प्रांतीय उद्यान आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचा पसारा सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातील तळी, नद्या व त्यांना जोडणाऱ्या पायवाटा मिळून कनूने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, हिंडण्याजोगे मार्ग २,००० किलोमीटरांहून अधिक भरतात. मोटारीचा रस्ता संपला की तंबू, अंथरूण-पांघरूण, कपडे, शिधा, औषधे असे सगळे सामान सोळा-सतरा फुटी उघड्या होडीत भरून पुढे न्यावे लागते, आणि मग तीन-चार दिवस त्या सामानाखेरीज दुसरा आधार नसतो. पहिल्यांदाच निघालेली माझ्या ओळखीतली मराठी कुटुंबे मला जे प्रश्न विचारतात, त्यांत "ड्राय बॅग कोणती घ्यावी?" हा प्रश्न हमखास असतो. आम्ही चौघे गेली बारा वर्षे दर उन्हाळ्यात तिकडे जात आहोत, आणि या काळात ज्या पिशव्या टिकल्या, ज्या फाटल्या आणि ज्यांनी ऐन वेळी दगा दिला, त्या सगळ्यांच्या अनुभवावरून मी हे लिहीत आहे.

माझे पहिले सांगणे असे, की दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या जमिनीवर सगळे सामान मांडावे. पिशवीची निवड सामानापासून सुरू होते. जी वस्तू भिजली तर रात्र काढणे धोक्याचे होईल ती कोणती, आणि जी भिजली तरी सकाळच्या उन्हात वाळवता येईल ती कोणती, हे एकदा नीट ठरले की कापड, आकार आणि तोंडाची रचना यांविषयीचे पुढचे निर्णय सोपे होतात. शिवाय प्रत्येक वस्तूसाठी महागडी पिशवी घेण्याचा खर्चही वाचतो.

पाणी कुठून येते

सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांना सामान कोरडे ठेवण्याची एक रीत ठाऊक असते: सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालावी, तिच्यात कपडे भरावेत आणि वरून रेनकव्हर चढवावे. तिथे पाणी वरून येते आणि सॅक बहुतेक वेळ पाठीवर असते, म्हणून ती रीत तिथे कामाला येते. कनूमध्ये मात्र पाणी प्रामुख्याने खालून लागते. वल्हे एका बाजूकडून दुसरीकडे नेताना त्याच्या पात्यावरून दर वेळी थोडे पाणी आत गळते, चढता-उतरताना बुटांबरोबर येते, वारा सुटला की लाटांचे शिंतोडे काठावरून येतात, आणि हे सगळे पाणी होडीच्या तळाशी गोळा होते, कारण तिथून ते निघून जायला वाट नसते. दोन-तीन तास वल्हवल्यावर तळाशी बोटभर पाणी साचणे ही नित्याची गोष्ट आहे. सॅक त्या पाण्यात आडवी पडलेली असते. रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडे असल्यामुळे पाणी आत शिरते आणि मग कव्हरच ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे रेनकव्हरच्या भरवशावर कनूत बसू नये.

हे आम्हाला समजले ते ओपिऑन्गो तळ्यावर. अल्गॉन्क्विनमधले हे सर्वांत मोठे तळे आहे, आणि लांबच लांब मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा दुपारनंतर तिथे चांगल्या उंच लाटा उठवतो. सप्टेंबर महिना होता. आमची होडी उलटली नाही, पाऊसही पडला नाही. केवळ तीन तासांत आत आलेले पाणी तळाशी हिंदकळत राहिले. संध्याकाळी तंबू लावल्यावर मुलीची स्लीपिंग बॅग बाहेर काढली, तेव्हा तिचा पायाकडचा हातभर भाग पिळून काढण्याइतका भिजला होता. ज्या पिशवीत ती ठेवली होती तिच्यावर ठळक अक्षरांत 'वॉटरप्रूफ' असे छापलेले होते. कंदिलाच्या उजेडात पिशवी उलटी करून पाहिली, तेव्हा तळाच्या कोपऱ्यात शिवणीवरची पट्टी नखाएवढ्या लांबीत सुटलेली दिसली, आणि तिच्याखाली सुईची भोके एका ओळीत उघडी पडलेली होती. पाणी नेमके तिथे मुरले होते. त्या रात्री मुलगी माझ्या स्लीपिंग बॅगेत झोपली आणि मी अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे घालून पहाटेची वाट पाहिली.

या उद्यानातल्या तळ्यांवरचा बर्फ वितळायला एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा उजाडतो, त्यामुळे मे महिन्यात पाणी अतिशय थंड असते आणि सप्टेंबरमधील रात्रीही चांगल्याच गार असतात. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की पिसे एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि तिची ऊब जवळजवळ संपते. रानात ती वाळवणे एका दिवसाचे काम नाही. सिंथेटिक भरणाची बॅग भिजल्यावरही थोडी ऊब धरते, पण ओल्या अंथरुणात झोपण्याचा प्रसंग लहान मुलांवर तरी येऊ देऊ नये.

सामानाचे ढीग आणि दोन थर

जमिनीवर मांडलेल्या सामानाचे आता ढीग करावेत. पहिल्या ढिगात स्लीपिंग बॅगा, रात्री घालायचे कपडे आणि लोकरीचे मोजे, औषधे, काड्यापेटी किंवा लायटर, फोन आणि गाडीची किल्ली हे येते. हा ढीग कोणत्याही परिस्थितीत, म्हणजे होडी उलटली तरीसुद्धा, कोरडा राहिला पाहिजे. तंबू, दोऱ्या, ताडपत्री, भांडी आणि पाण्याचा फिल्टर या वस्तू पावसात तशाही भिजणारच असतात, त्यांना जलरोधक पिशवीची गरज नाही; उलट ओला तंबू बंद पिशवीत कोंबून दुपारपर्यंत ठेवला तर त्याला कुबट वास येतो. या दोन टोकांच्या मधले जे उरते, म्हणजे दिवसाचे जादा कपडे, टॉवेल, पुस्तक, पत्ते, त्यांना एक साधी पिशवी पुरते.

पहिल्या ढिगासाठी मी एक नियम कटाक्षाने पाळते: कोणत्याही एका पिशवीवर सगळा भार टाकायचा नाही. आत हलकी, पातळ कापडाची ड्राय बॅग आणि बाहेर जाड कापडाची मोठी पिशवी, असे दोन थर असावेत. बाहेरची पिशवी खडकाशी घासली जाते, तिला काटे-फांद्या लागतात, तिच्यावर कोणी तरी बसते, आणि कधी ना कधी तिला बारीक छिद्र पडते. तसे झाले तरी आतल्या पिशवीला नुसता ओलावा सोसावा लागतो. दाब आणि घर्षण तिच्या वाट्याला येत नाही. एकच अत्यंत महाग पिशवी घेण्यापेक्षा मध्यम दर्जाच्या दोन पिशव्या एकात एक घालणे अधिक खात्रीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापड आणि जोड

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारचे कापड दिसते. पीव्हीसीचा लेप दिलेले जाड कापड स्वस्त असते आणि घासण्याने सहजी फाटत नाही, परंतु ते जड असते आणि थंडीत ताठरते. ऑक्टोबरच्या सकाळी अशा पिशवीचे तोंड पुठ्ठ्यासारखे कडक होते, घड्या एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि त्यांच्यामध्ये हवेची फट राहते. टीपीयू (एक लवचीक प्लास्टिक) लावलेले कापड त्याहून महाग, पण हलके असते आणि थंडीतही मऊ राहते. बाहेरच्या मोठ्या पिशवीसाठी परवडत असेल तर टीपीयूच घ्यावे. तिसरा प्रकार लेप दिलेल्या पातळ नायलॉनचा. या पिशव्या वजनाला नगण्य आणि आतल्या थरासाठी उत्तम असतात, पण त्या एकट्या होडीच्या तळाशी टाकू नयेत. नायलॉनच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप असेल तर काही वर्षांनी तो दमटपणामुळे चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून जुन्या पिशवीची आतली बाजू दर वर्षी बोटांनी चाचपून पाहावी.

कापडाच्या वर्णनात '७० डी', '४२० डी' असे आकडे असतात. ते डेनियरचे आकडे आहेत. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड, इतकेच त्यातून कळते. आतल्या पिशवीला ७० डेनियर पुरेसे आहे. खडकाशी गाठ पडणाऱ्या बाहेरच्या पिशवीला ४०० च्या पुढचे कापड असावे. मात्र धागा कितीही जाड असला तरी पाणी अडवण्याचे काम त्यावरचा लेप करतो, त्यामुळे केवळ डेनियरचा मोठा आकडा पाहून भुलू नये.

कापडापेक्षाही मी जोड अधिक बारकाईने पाहते. दुकानात पिशवी हातात घेतल्यावर ती आधी उलटी करावी आणि तळाचा जोड पाहावा. शिवण घालून तिच्यावर आतून पट्टी चिकटवलेली असेल, तर सुईचे प्रत्येक भोक त्या पट्टीच्या भरवशावर आहे हे लक्षात घ्यावे आणि पट्टीच्या कडा, विशेषतः कोपऱ्यांत, नखाने हलकेच उचकून पाहाव्यात. पट्टी जराही उचलली गेली तर ती पिशवी घेऊ नये. उष्णतेने वेल्ड केलेल्या जोडात सुई लागलेलीच नसते. दोन्ही कापडे वितळून एकजीव झालेली असतात, आणि जोडाची रुंद, सपाट, चकचकीत पट्टी सहज ओळखता येते. पाठीवरचे पट्टे आणि कड्या पिशवीला कशा जोडल्या आहेत हेही त्याच वेळी पाहावे. पट्टा थेट पिशवीच्या कापडात शिवलेला असेल तर ओझ्याच्या ताणाने तिथूनच पाणी शिरायला सुरुवात होते. पट्टा वेगळ्या तुकड्यावर शिवून तो तुकडा पिशवीवर वेल्ड केलेला असावा.

पिशवीला पारदर्शक खिडकी असावी का, हे मला अनेकदा विचारले जाते. आतले दिसणे सोयीचे असते, पण खिडकीचे प्लास्टिक थंडीत कडक होऊन घडीवर तडकते, असा आमचा अनुभव आहे. त्यापेक्षा निरनिराळ्या रंगांच्या पिशव्या घ्याव्यात: आमच्याकडे लाल पिशवी म्हणजे औषधे आणि काड्यापेटी, आणि अंधारातसुद्धा मुलांना ती कुठे आहे हे सांगावे लागत नाही. भडक रंगाची पिशवी पाण्यावर तरंगत गेली तरी लांबून दिसते.

तोंड बंद करणे

बहुतेक ड्राय बॅगांचे तोंड गुंडाळून बंद करायचे असते, आणि पाणी शिरण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच या गुंडाळण्यातच सुरू होतात. तोंडाच्या कडेला एक ताठ पट्टी असते. आधी पिशवीतली जास्तीची हवा गुडघ्याने दाबून काढावी. मग तोंडाच्या दोन्ही कडांची आतली बाजू बोट फिरवून स्वच्छ करावी. वाळूचा कण, पाइनची सुईसारखी पाती किंवा मुडपलेल्या बाहीचे टोक तिथे अडकले असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी नळी तयार होते आणि पाणी तिच्यातून सावकाश आत ओढले जाते. त्यानंतर दोन्ही कडा तंतोतंत जुळवाव्यात, त्या दोन्ही हातांनी बाहेरच्या दिशेने ताणून सुरकुती घालवावी, आणि पहिली घडी अगदी घट्ट घालावी. पहिली घडी सैल राहिली तर पुढच्या चार घड्या घालूनही उपयोग होत नाही. निदान तीन, शक्य तर चार घड्या झाल्यावर दोन्ही टोके एकमेकांकडे आणून बकल लावावे.

चार घड्यांत पिशवीची साधारण दहा सेंटिमीटर उंची खर्ची पडते. म्हणून पिशवीवर छापलेले लिटर हे शिगोशीग भरण्याचे माप समजू नये. दहा लिटरच्या लहान पिशवीत ही तूट फार जाणवते. मोठ्या पिशवीत कमी. ठेचून भरलेल्या पिशवीला दीड घडी बसते आणि बकल कसेबसे लागते, बाहेरून सगळे ठीक दिसते, आणि नेमकी तीच पिशवी गळते. जे सामान दहा लिटरमध्ये जेमतेम मावते, त्यासाठी पंधरा लिटरची पिशवी घ्यावी. आमच्या जाड सिंथेटिक स्लीपिंग बॅगांना प्रत्येकी वीस लिटर लागतात, तर पिसांची बॅग दहा-बारा लिटरमध्ये बसते.

गुंडाळी तोंडाची पिशवी पावसापासून, शिंतोड्यांपासून, तळाच्या पाण्यापासून आणि थोड्या वेळाच्या बुडण्यापासून रक्षण करते. तासन्‌तास पाण्याखाली राहण्यासाठी ती बनवलेली नसते. तेवढी हमी हवी असेल तर हवाबंद चेनच्या पिशव्या मिळतात, परंतु त्या बऱ्याच महाग असतात आणि चेनला वंगण लावून तिची निगा राखावी लागते. शांत तळ्यांवरच्या कौटुंबिक सहलीसाठी मला त्यांची गरज वाटत नाही. वेगवान प्रवाहाच्या नदीवर जाणाऱ्यांनी मात्र अंथरुणासाठी त्यांचा विचार करावा.

आकार आणि पोर्टाज

एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना मध्ये जमीन लागते, आणि होडी खांद्यांवर व सामान पाठीवर घेऊन ती ओलांडावी लागते. याला पोर्टाज म्हणतात. अल्गॉन्क्विनमध्ये अशा प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी असते आणि तिच्यावर अंतर मीटरमध्ये लिहिलेले असते. पिशव्या निवडताना नवख्यांचे लक्ष पाण्याकडे असते आणि या चालण्याचा विचार राहून जातो. दहा-बारा सुट्या लहान पिशव्या घेऊन आलेले कुटुंब पहिल्याच पोर्टाजला अडचणीत येते, कारण कोणाच्याही हाताला दोनपेक्षा जास्त पिशव्या धरता येत नाहीत. सामान दोन खेपांत नेले तर १,००० मीटरची वाट प्रत्यक्षात ३,००० मीटर होते: एकदा जाणे, रिकाम्या हाताने परत येणे, आणि पुन्हा जाणे. तीन खेपा झाल्या तर तीच वाट ५,००० मीटर होते.

यासाठी लहान पिशव्या मोठ्या पिशवीत जायला हव्यात आणि मोठी पिशवी पाठीवर बसायला हवी. ६० ते ११५ लिटरच्या ड्राय पॅकना खांद्याचे पट्टे असतात, पण सगळ्यांना कमरेचा पट्टा असतोच असे नाही, आणि कमरेच्या पट्ट्याशिवाय वीस किलो ओझे अर्धा किलोमीटर नेणे खांद्यांना फार जाचते. दुकानात पिशवी रिकामी चढवून पाहण्यात अर्थ नाही. तिच्यात वजन भरून द्यायला सांगावे आणि दुकानातच दहा मिनिटे चालावे. ११५ लिटरची पिशवी एका दमात सगळे सामान पोटात घेते, म्हणून ती आकर्षक वाटते, परंतु ती भरल्यावर उचलून पाठीवर घेणे एकट्या माणसाला कठीण जाते. आम्ही ७० लिटरच्या दोन पिशव्या वापरतो.

ज्यांच्याकडे ट्रेकिंगची चांगली सॅक आधीच आहे त्यांनी नवी मोठी पिशवी घेण्याची घाई करू नये. सॅकमध्ये बांधकामाचा कचरा भरण्याच्या जाड प्लास्टिकच्या पिशवीचे अस्तर घालावे, तिचे तोंड पिळून, दुमडून दोरीने आवळावे, आणि आत लहान ड्राय बॅगा ठेवाव्यात. सॅकचे बाहेरचे कापड भिजते आणि जड होते, हा यातला एक तोटा. बाकी सह्याद्रीतली जुनी रीत इथेही चालते, फक्त अस्तर जाड हवे आणि रेनकव्हरवर विसंबू नये. कनूच्या जगातही ही कल्पना नवी नाही. मिनेसोटातील डुलुथ येथील कमिल पॉयरिए यांनी १८८२ साली पेटंट घेतलेली कॅनव्हासची पोर्टाज सॅक आजही विकली जाते, आणि ती वापरणारे लोक आत प्लास्टिकचे अस्तरच घालतात.

बंद पिशवीचा आणखी एक उपयोग लक्षात ठेवावा. वीस लिटरची पूर्ण बंद पिशवी पाण्यात बुडाली की वीस किलो पाणी बाजूला सारते. तिच्यात आठ किलो सामान असेल तर उरलेली बारा किलोंची उचल तिला तरंगत ठेवते. होडी उलटली तरी अशा पिशव्या वर येतात, पण वाऱ्याबरोबर लांब जातात. म्हणून तळ्यावर मी प्रत्येक मोठी पिशवी एका आखूड पट्ट्याने होडीच्या आडव्या दांड्याला अडकवते. लांब, लोंबती दोरी मात्र कधीही ठेवू नये, कारण पाण्यात तिच्यात पाय अडकू शकतो.

शिध्यासाठी पिंप

अन्नासाठी ड्राय बॅग वापरू नये, असा माझा आग्रह आहे. ड्राय बॅग पाणी अडवते, वास अडवत नाही. आणि आपल्या स्वयंपाकाचे वास दूरवर जातात. गोडा मसाला, लसणाची चटणी किंवा भाजणी एकदा ज्या पिशवीत ठेवली, तिच्या कापडातून तो वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही, आणि या उद्यानात काळी अस्वले आहेत. कपड्यांच्या पिशवीत चुकूनही खाण्याची वस्तू ठेवू नये, कारण ती पिशवी रात्री तंबूत येते.

शिध्यासाठी निळी प्लास्टिकची पिंपे घ्यावीत. ३० आणि ६० लिटर अशा दोन मापांत ती मिळतात. झाकणाला रबराची कडी असते आणि भोवती धातूचे कडे लिव्हरने आवळले जाते. पाठीवर घेण्यासाठी पट्ट्यांचा वेगळा साज मिळतो. आम्हा चौघांचा चार दिवसांचा शिधा ६० लिटरच्या पिंपात बसतो. जुने पिंप घेताना रबराची कडी काढून, ताणून पाहावी. तिला भेगा पडल्या असतील तर ती बदलून मिळते का याची चौकशी आधी करावी. पिंप अस्वलापुढे अभेद्य नसते, म्हणून रात्री ते तंबूपासून दूर, झाडावर उंच टांगावे.

उद्यानाच्या अंतर्भागात अन्न-पेयांचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, त्यामुळे लोणच्याची बरणी घरीच राहते. लोणचे घट्ट झाकणाच्या, परत वापरता येणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत भरावे आणि डबी झिपच्या पिशवीत घालावी, कारण तेल झिरपतेच. मेतकूट, भाजणी आणि पिठल्याचे कोरडे पीठ हवेतला दमटपणा ओढून घेते. दर वेळेपुरते माप वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत भरले, तर एका पिशवीत ओल शिरली तरी बाकीची जेवणे शाबूत राहतात.

फोन, कॅमेरा आणि हाताशी लागणारे

फोन, परवाना, नकाशा आणि औषधांची छोटी पुडी ही मोठ्या पिशवीच्या तळाशी असून चालत नाही. यांच्यासाठी पाच लिटरची एक पिशवी समोर, बसण्याच्या जागेजवळ अडकवावी. फोनच्या पारदर्शक पाकिटावर आयपीएक्स अशी अक्षरे आणि पुढे आकडा असतो. आयपीएक्स ६ म्हणजे जोरदार फवारा सोसण्याची क्षमता. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. सहा आकडा पाहून बुडण्यापासूनही संरक्षण मिळेल असे गृहीत धरू नये, कारण त्या दोन चाचण्या निराळ्या आहेत. गुंडाळी तोंडाच्या पिशव्यांवर असा आकडा क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी तोंड बंद करणाऱ्या हातांवर बरेच अवलंबून असते.

चांगला कॅमेरा असेल तर रबरी कडीची कडक पेटी घ्यावी. तिच्या कडीवर एक केस आडवा पडला तरी पाणी शिरते, म्हणून दर वेळी बंद करण्यापूर्वी ती पुसावी.

मे आणि जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास यांच्यामुळे अंगाला डीट (कीटकांना दूर ठेवणारे रसायन) असलेले औषध लावावेच लागते. डीट अनेक प्रकारच्या प्लास्टिकला मऊ करते. ते लावलेल्या हातांनी पिशवीचे तोंड, फोनचे पाकीट किंवा पिंपाची रबरी कडी हाताळू नये. आमच्या एका पाकिटाची खिडकी अशाच हातांमुळे धुरकट आणि चिकट झाली. औषधाची बाटलीही वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवावी.

घरी घ्यायची परीक्षा

नवी असो वा जुनी, प्रत्येक पिशवी निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी तपासावी, म्हणजे बदलायला वेळ राहतो. प्रथम पिशवीत हवा भरून तोंड नेहमीप्रमाणे गुंडाळावे आणि तिच्यावर गुडघा टेकवून दाब द्यावा. पिशवी सावकाश बसत गेली तर हवा कुठून तरी निघत आहे. भांडी घासायच्या साबणाचे पाणी स्पंजने जोडांवर, कोपऱ्यांवर आणि कड्यांच्या बुडाशी लावावे. जिथे बुडबुडे येतील तिथे मार्करने खूण करावी.

दुसरी परीक्षा अधिक कठोर आहे. पिशवीत वर्तमानपत्राची चुरगळलेली पाने आणि वजनासाठी पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घालाव्यात, तोंड बंद करावे आणि पिशवी बाथटबमध्ये अर्धा तास आडवी, पाण्याखाली दाबून ठेवावी. बाहेर काढल्यावर आधी ती पूर्ण पुसावी, नाही तर उघडतानाच बाहेरचे पाणी आत जाते आणि निष्कर्ष चुकतो. मग एकेक पान बाहेर काढून पाहावे. वर्तमानपत्राच्या कागदावर ओलाव्याचा डाग लगेच दिसतो, आणि ओले पान तळाकडचे आहे की तोंडाकडचे, यावरून दोष जोडात आहे की गुंडाळण्यात हे कळते. तोंडाकडची पाने ओली निघाली तर पिशवी परत करण्याआधी एकदा स्वतः, सावकाश, चार घड्या घालून परीक्षा पुन्हा घ्यावी. आमच्या घरी हे काम मुलांकडे आहे, आणि त्यामुळे तोंड नीट कसे बंद करायचे हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

दुरुस्ती आणि साठवण

लहान छिद्रासाठी कापडाला चालेल असा लवचिक गोंद आणि ठिगळ सोबत ठेवावे. पीव्हीसीसाठीचे ठिगळ आणि नायलॉनसाठीचे ठिगळ वेगळे असते, तेव्हा आपली पिशवी कोणत्या कापडाची आहे हे पाहूनच ते घ्यावे. जागा धुऊन, स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळल्यावर ठिगळ आतून लावावे. रानात असे वाळवणे जमत नाही. तिथे वल्ह्याच्या दांड्याला आधीच गुंडाळून ठेवलेली डक्ट टेप दोन दिवस निभावून नेते.

सहलीहून परतल्यावर पिशव्या उलट्या करून साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात, कारण कडक उन्हाने लेप लवकर म्हातारा होतो. वाळल्यावर त्यांची घट्ट घडी घालून ठेवू नये. महिनोन्‌महिने एकाच रेषेत दुमडलेले कापड त्याच रेषेवर तडकते. आम्ही त्या तळघरात तोंड उघडे ठेवून खुंटीला टांगतो. ज्या पिशवीला ठिगळ लावले असेल तिच्या तळाशी मार्करने ठिगळाची तारीख लिहून ठेवावी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये बाथटबची परीक्षा त्या पिशवीपासून सुरू करावी.